मोत्याचा प्रवास

तलवाड्याहून मुंबईला कुत्रं न्यायचं म्हणताच शेजारच्या मावशी हसल्या. "माणसाला बसायला जागा मिळंना, अन् तुम्ही कुत्रं न्या!" पण बोरिवलीची ताई आजारी होती, मुक्काम चांगला महिन्याभराचा, आणि मोत्या आमच्या धाकटीच्या हातूनच भाकरी खातो. तिच्यावाचून त्याने दोन दिवस उपाशी काढलेले मी पाहिले आहेत.

मी कारकून माणूस. आधी नियम पाहिला. जनरलच्या किंवा स्लीपरच्या डब्यात कुत्रं नेता येत नाही. फर्स्ट क्लासचा आख्खा कूपे आपल्या नावावर घेतला, तर ते मालकाशेजारी बसून जातं. नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला, रेबीजची लस टोचल्याची नोंद, गळ्यात पट्टा, साखळी, आणि गाडीच्या बऱ्याच आधी पार्सल ऑफिसात हजेरी. पाणी-भाकरी मालकाने पाहायची.

गेवराईमार्गे जालना गाठलं. रात्रीची गाडी. मनमाडला धाकटी पाण्याचा डबा घेऊन गार्डच्या डब्याकडे पळाली, मागून मी. गार्डसाहेब भला माणूस, त्यांनी दार उघडलं. मोत्या पाणी प्यायलाच नाही, नुसता तिचा हात चाटत राहिला. शिट्टी झाली तेव्हा तिला ओढून आणावं लागलं. पहाटे कल्याण, पुढे भाच्याची रिक्षा.

ताईला जरा बरं वाटल्यावर एका रविवारी कान्हेरीची लेणी पाहायला निघालो. लेणी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या आत आहेत, आणि त्या सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या जंगलात पाळीव कुत्र्याला प्रवेश नाही. म्हणून मोत्या भाच्यापाशी ठेवला. धाकटी फाटकातच अडून बसली. आजोबांकडून तिने ऐकलं होतं की गावच्या पाणवठ्यावर कुत्रं पाणी प्यायचं, आपल्याला मज्जाव. "पप्पा, हे तसंच झालं ना?"

तसं नव्हे. महाडच्या चवदार तळ्यावर गुराढोरांना आडकाठी नव्हती, आडकाठी होती ती माणसांना, आणि तिला जन्माखेरीज कारण नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं ते त्यासाठी. पुढे संविधानाच्या १५ व्या कलमात विहिरी, तलाव, घाट, रस्ते आणि सार्वजनिक वापराच्या जागा असं एकेक नाव घेऊन भेदभाव बंद केला. कुत्र्याची बंदी वेगळी. कुत्र्यांचा डिस्टेंपरसारखा रोग रानातल्या जनावरांना लागतो, आणि इथला बिबट्या कुत्रं उचलायला टपलेलाच असतो. शिवाय मलबार हिलचा अल्सेशियन असो की आमचा गावठी मोत्या, नियम एकच. हे तिला पटलं. पोरं कारण सांगितलं की ऐकतात, हा माझा अनुभव.

आतल्या बसने वर गेलो. शंभराहून जास्त लेणी, काळ्या कातळात कोरलेली. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या ओसरीत दोन्ही टोकांना उंच बुद्धमूर्ती उभ्या आहेत. धाकटीला जास्त आवडल्या त्या लेण्यांजवळच्या पाण्याच्या पोढ्या. पावसाचं पाणी त्यांत यावं म्हणून खडकात पन्हळी खोदल्या आहेत. ती बोटाने पन्हळ माग काढत होती. मधेच थांबून म्हणाली, "मग गाडीत मोत्याला पेटी, आणि कूपेवाल्याचं कुत्रं शेजारी. त्याला काय कारण?"

जंगलाचा नियम कुत्रं पाहतो, हा खिसा पाहतो. कुत्र्याला भिणारा प्रवासीही असतो, हे खरं. पण त्यावर तोड निघू शकते. तलवाड्याला परतल्यावर मी अर्ज लिहिला. दाखला जोडून, मुसकी बांधून, ठरलेलं भाडं भरून दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशालाही डब्याच्या एका टोकाला कुत्रं नेता यावं, एवढंच मागणं. खाली धाकटीनेही सही केली. रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला, पोच आली आहे.