रोजची दहा मिनिटं

चिरंजीवांनी चार महिन्यांतच गिटारला रामराम ठोकला आणि ती कपाटामागे धूळ खात पडली. दिवाळीची साफसफाई करताना मीच ती पुसून मांडीवर घेतली. "आता या वयात?" सासूबाई म्हणाल्या. मी हसले, पण शब्द लागला. लग्नात सुटलेली सतारीची शिकवणी आठवली.

सुरुवात केली बीटल्सपासून. १९६२ चं 'लव्ह मी डू' जी, सी आणि डी या तीन कॉर्डवर वाजतं. 'एलिनॉर रिग्बी'चं तर ई मायनर आणि सी या दोनांवर भागतं! पण जीवरून सीवर जाताना ताल हमखास सुटे. तारांनी डाव्या हाताची बोटं अशी हुळहुळली की मिरच्या चिरताना डोळ्यांत पाणी! डाव्या हाताची नखं कापावीत, रोज दहाच मिनिटं बसावं, हे अनुभवानं कळलं.

जॉन लेननला पहिल्या कॉर्ड त्याच्या आईनं, ज्यूलियानं, बँजोवर शिकवल्या. १९५८ मध्ये ती अपघातात गेली. १९६८ मध्ये हृषीकेशला त्यानं तिच्यावर गाणं रचलं. हे वाचलं आणि वाटलं, मी लेकाला काय शिकवलं? नुसतं "अभ्यासाला बस!"

परवा तो दारात येऊन उभा राहिला. "आई, सी चुकतोय. अनामिका तिसऱ्या पडद्यावर ठेव." आणि शेजारी बसून त्यानं माझं बोट जागेवर नेलं.

आमटीची आठवण झाली तेव्हा धावले. सासूबाईंनी गॅस केव्हाच बारीक केला होता.