सांगून जाणे

घराबाहेर पडताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावे, असा आपल्याकडे दंडक आहे. त्या ‘येतो’पाठोपाठ ‘केव्हा?’ हा प्रश्न हटकून येतो, आणि तरुणांना तो नकोसा होतो. अमेरिकेत हौसेने लहान विमान चालविणारा माझा भाचा मोठ्या ऐटीत सांगतो, की तिकडच्या आकाशात असे कोणी विचारीत नाही.

त्याचे म्हणणे अर्धेच खरे. ढगांतून, यंत्रांवर भिस्त ठेवून, नियंत्रित आकाशात उडावयाचे असेल तर आधी ‘फ्लाइट प्लॅन’ दाखल केल्यावाचून वैमानिकास गत्यंतर नाही. देशाच्या सीमेवरील संरक्षणपट्ट्यातून जातानाही तेच. परंतु हवा स्वच्छ असून देशातल्या देशात जावयाचे असले, की बहुधा सरकार नुसता सल्ला देते: सांगून गेलात तर बरे.

त्या कागदाचा नमुना मी कुतूहलाने पाहिला. वेग, उंची, मार्ग ही रुक्ष माहिती. पण पुढे विचारले आहे, इंधन किती तासांचे? माणसे किती? विमानाचा रंग कोणता? या शेवटच्या प्रश्नाशी मी थबकलो. उडणाऱ्याला त्या रंगाचा काय उपयोग? रंग लागतो तो शोधावयास निघणाऱ्याला! उतरल्यावर ‘पोहोचलो’ असे कळवावे लागते. ठरल्या वेळेनंतर अर्ध्या तासात ते न कळविल्यास चौकशी सुरू होते. भाचा याला लचांड म्हणतो. मला त्या कागदात तेवढेच मोलाचे वाटते.

स्टीव्ह फॉसेट याने २००२ मध्ये बलूनमधून आणि २००५ मध्ये विमानातून एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. ३ सप्टेंबर २००७ रोजी सकाळी तो नेव्हाडातील एका रँचवरून लहानशा विमानातून सहज फेरफटका मारावयास निघाला. कागद दिला नव्हता. देण्याची सक्तीही नव्हती. मग आठवडेच्या आठवडे डोंगर धुंडाळले गेले. दुसऱ्यांच्या जुन्या विमानांचे सांगाडे सापडले, त्याचे सापडेना. फेब्रुवारी २००८ मध्ये न्यायालयाने त्यास मृत ठरविले. अवशेष मिळाले ते त्या ऑक्टोबरात, कॅलिफोर्नियाच्या पहाडात, सुमारे दहा हजार फुटांवर. कागदाने प्राण वाचले असते असे नव्हे. विमानाचा आदळताक्षणीच चुराडा झाला होता. पण वर्षभर त्याच्या पत्नीला कोणत्या दिशेकडे पाहावे हेही कळू नये, हे मला मरणाहून कठीण वाटते.

कॅनडाने येथे सल्ल्यावर भागविलेले नाही. निघाल्या विमानतळापासून पंचवीस सागरी मैलांपलीकडे जावयाचे तर सांगूनच जावे लागते. मात्र सरकारलाच सांगावे असे नाही. एखाद्या ‘जबाबदार माणसा’ला सांगितले तरी चालते. सरकारी कागद असल्यास तासाभरात शोध सुरू होतो. घरी सांगितले असल्यास, निराळी वेळ ठरली नसेल तर, चोवीस तासांनी. चोवीस तास! हा नियम लिहिणाऱ्याच्या घरी वाट पाहणारे कोणी नसावे.