रंध्याचें पातें

आमच्या लिहिण्याच्या मेजावर एक लोखंडी पट्टी कागद दाबण्याच्या कामीं आठ-नऊ वर्षें पडून होती. गंजानें ती काळवंडली होती, आणि ती काय वस्तु आहे हें सांगितल्यावांचून कोणास कळत नसे. ती म्हणजे रंध्याचें पातें. आमच्या कोंकणांतील घराचीं दारें, देवघराची चौकट आणि ज्यावर आमच्या तीन पिढ्यांच्या दुपारी गेल्या तो झोपाळा, हीं सर्व त्या पात्याखालून गेलेलीं. सुतार वारल्यावर त्याचा नातू रंधा घेऊन आमच्याकडे आला. तो शहरांत विजेच्या यंत्रांवर प्लायवुडचीं कपाटें करतो. "काका, माझ्याकडे हा अडगळींत पडेल, तुमच्याकडे निदान पुस्तकांशेजारीं तरी राहील," असें म्हणून त्यानें तो आमच्या स्वाधीन केला. आम्हीं रंध्याचें लाकूड पुस्तकांच्या फळीवर ठेविलें आणि पातें मेजावर. अडगळ ती अडगळच; फक्त घर बदललें.

गेल्या आषाढांत न्हाणीघराचें सागवानी दार फुगून चौकटींत अडकूं लागलें. नातवास बोलावितां आलें असतें; परंतु घरांत रंधा असतांना तीन बोटें दार तासण्यास माणूस कशाला, असा विचार आमच्या मनांत आला. गंज काढणें अवघड गेलें नाहीं. पातें रात्रभर रॉकेलांत बुडवून ठेविलें आणि सकाळीं तारेच्या घासणीनें खरवडलें, तों खालून 'कास्ट स्टील' हे शब्द व शेफील्ड हें गांवाचें नांव वर आलें.

येथें आमच्यांतला प्राध्यापक जागा झाला. चहाच्या वेळीं आम्हीं घरच्या मंडळींस बेंजामिन हंट्समनची हकीकत ऐकविली. हा मूळचा घड्याळजी; कमानीसाठीं चांगलें पोलाद मिळेना, म्हणून त्यानें १७४० च्या सुमारास मुशींत पोलाद वितळविण्याची कृति साधली. आपल्या दक्षिणेंत मुशींतलें पोलाद त्यापूर्वीं कित्येक शतकें होत होतें. १७९४ सालीं डॉ. हेलेनस स्कॉट यांनीं मुंबईहून त्याचे नमुने सर जोसेफ बँक्स यांजकडे विलायतेस पाठविले होते, हेंहि सांगितलें. सौभाग्यवतींनीं सर्व शांतपणें ऐकून घेतलें आणि दार केव्हां लागूं लागेल एवढेंच विचारलें.

धारेवर दोन खांडे पडले होते. एका स्नेह्याच्या कारखान्यांत विजेवर फिरणारें सहाणेचें चाक आहे. तेथें जाऊन आम्हीं पाव तासांत काम उरकलें. ठिणग्यांचा तो पिसारा पाहून आम्हांस भलताच उत्साह चढला होता. खांडे गेले, उतरता भाग आरशासारखा झाला, आणि टोकाशीं मोरपिसासारखी सुंदर निळी झांक आली. आतां मात्र नातवास मुद्दाम बोलावून पातें दाखविलें.

त्यानें तें उजेडांत धरलें, आणि कांहीं वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, "काका, याचं पाणी उतरलं."

पोलाद तापवून विझविलें म्हणजे कांचेसारखें कठीण व ठिसूळ होतें. पुनः २३० अंशांच्या आसपास तापवून तें गवती रंगावर आणलें कीं धार धरण्याजोगें होतें. ३०० अंशांवर निळें झालें कीं कमानीइतकें नरम पडतें. हे आंकडे आम्हांस पाठ होते. तीच निळाई डोळ्यांदेखत उमटली तेव्हां आम्ही तिचें कौतुक करीत होतों!

खरी गोष्ट त्यानें पुढें दाखविली. उतरत्या भागावर नीट पाहिलें तर एक रेषा दिसते: तिच्या एका बाजूस मंद राखी लोखंड, दुसऱ्या बाजूस लखलखीत पोलाद. जुनीं पातीं सबंध पोलादाचीं नसत. साध्या लोखंडाच्या सपाट अंगास, तेंहि खालच्या भागांतच, पोलादाचा थर भट्टींत जोडलेला असे. तेवढा झिजला कीं पातें संपलें. आमच्या पात्यांत तो जेमतेम दीड बोट उरला होता. निळी पट्टी गव्हाच्या दाण्याएवढी. "आजोबा एवढ्यात दोन वर्षं काढायचे," तो म्हणाला. त्यांत दोष देण्याचा सूर नव्हता, म्हणून तें अधिक लागलें.

निळा भाग घालविल्यावांचून गत्यंतर नव्हतें, आणि तो चाकावर न घालवितां कुरुंदाच्या दगडावर, पाणी टाकीत, हातानें घालवायचा असें ठरलें. नऊ संध्याकाळ लागल्या. त्यांतल्या चार एकट्या पाठीनें खाल्ल्या. आम्ही आजवर उतरत्या बाजूकडेच पाहत होतों; त्यानें पातें पालथें करून पाठीवरचे गंजाचे खळगे दाखविले. धार म्हणजे दोन पृष्ठभाग मिळतात ती रेषा; त्या रेषेवर पाठीचा एक खळगा आला कीं तेथें धारच नाहीं, आणि लाकडावर तेवढी ओळ उठते. म्हणून जाड कांचेवर पाण्याचा पॉलिश-कागद पसरून पाठ घासावयाची. मग उतरती बाजू. घासतां घासतां पाठीच्या कडेस बोटाला जाणवेल न जाणवेल अशी खरखर उमटते. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत लागली कीं थांबावें, आणि पातें उलटून ती हलकेच काढावी. आमची खरखर मध्येंच तुटे. नातू दोनदां येऊन गेला. कोंपरें अंगाशीं धरा, एवढेंच त्याचें सांगणें.

नवव्या दिवशीं त्यानें पातें लाकडांत बसविलें, पाचर ठोकली, आणि दार आडवें टाकून रंधा चालविला. पहिल्या दोन ढलप्या तुटक निघाल्या. त्यानें पात्याच्या डोक्यावर एक टिचकीसारखा ठोका दिला. तिसरी मात्र दाराच्या लांबीइतकी, वर्तमानपत्राच्या कागदापेक्षां पातळ अशी सुटून त्याच्या मनगटाभोंवतीं गुंडाळली गेली, आणि सागाचा वास घरभर झाला. दार झालें तरी तो रंधा हातांतून ठेवीना. जातांना उंबऱ्यापाशीं थांबून म्हणाला, "काका, थोडे दिवस नेऊं का?"

त्याला आतां वर्ष होत आलें. दार बिनतक्रार लागतें, आणि आमच्या कागदांवर नदीतला एक गोटा ठेवलेला असतो.