आधी पवित्रा, मग डाव

नाशिकरोडपासून जवळच, गोदावरीच्या परिसरात एकलहरे हे गाव आहे. 1970 साली येथील औष्णिक विद्युत केंद्रात वीजनिर्मितीस प्रारंभ झाला, आणि तेव्हापासून दूरवरून येणाऱ्या वाटसरूला गावाच्या आधी त्या केंद्राची उंच धुरांडीच दिसू लागली. याच गावातील एका घरात दिवाळीच्या सुट्टीत एक आगळेच युद्ध पेटले होते. सातवीत शिकणाऱ्या मुलाचा मामेभाऊ आत्याकडे आठ दिवस राहावयास आला होता, आणि येताना त्याने दूरदर्शन संचाला जोडावयाचा व्हिडिओ गेम सोबत आणला होता.

खेळाचे नाव होते ‘स्ट्रीट फायटर’. जपानमधील कॅपकॉम या कंपनीने तो 1987 साली प्रथम आणला आणि 1991 च्या दुसऱ्या आवृत्तीने तो जगभर गाजला. पडद्यावर दोन योद्धे समोरासमोर उभे राहतात. ठोसे, लाथा, उड्या आणि हातातून सुटणारे तेजोगोल यांनी एकमेकांचे बळ घटवितात. ज्याचे बळ आधी संपेल तो हरला.

मुलाच्या हाती कंट्रोलर येताच त्याने सारी बटणे एकदम दाबावयास सुरुवात केली. त्याचा योद्धा वेड्यासारखा उड्या मारू लागला, हवेत लाथा झाडू लागला. मामेभाऊ मात्र दोन पावले मागे सरे, किंचित थांबे आणि नेमका एकच ठोसा हाणी. एकामागून एक अशा अकरा लढती मुलगा हरला. अखेर त्याने कंट्रोलर गादीवर आदळला.

“तुझा गडीच मुळी बलवान आहे, दादा! म्हणून तू जिंकतोस.”

मामेभावाने शांतपणे आपला गडी त्याला दिला आणि त्याचा स्वतः घेतला. बाराव्या लढतीतही मुलगाच हरला. आता तक्रार करावयास जागा उरली नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी तरळले.

आजोबा बाजेवर वर्तमानपत्र वाचीत बसले होते. तरुणपणी त्यांनी तालमीतील लाल माती अंगाला लावली होती. चष्मा काढून त्यांनी विचारले, “बाळ, लढताना तू पाहत कुणाकडे होतास?”

“माझ्या गड्याकडे.”

“आणि तू रे?” आजोबांनी मामेभावाला विचारले.

“मी याच्या गड्याकडे पाहतो, आजोबा. माझा गडी काय करणार हे मला ठाऊकच असते!”

आजोबा हसले. “तालमीतही हेच पहिले शिकवतात. नवे पोर आले की ते लगेच ढाक, कलाजंग असले डाव मागते. वस्ताद त्याला आधी जोर-बैठका काढावयास लावतात. मग पवित्रा शिकवतात. पाय कसे रोवावेत, नजर कोठे ठेवावी, हे अंगी मुरले म्हणजे मग डाव. आणि प्रत्येक डावाबरोबर त्याची तोड.”

त्या दिवसापासून मुलाच्या शिक्षणास नवा आरंभ झाला. मामेभावाने अट घातली की, पहिल्या दिवशी एकही ठोसा मारावयाचा नाही, केवळ बचाव करावयाचा. या खेळात प्रतिस्पर्ध्यापासून दूर जाण्याची कळ दाबून धरली की योद्धा वार अडवितो. परंतु तेथेही मेख आहे. पायावर येणारी लाथ बसूनच अडवावी लागते, तर उडी मारून वरून आलेला वार उभ्यानेच अडवावा लागतो. अर्थात समोरचा काय करतो आहे, हे पाहिल्यावाचून बचावही साधत नाही. सायंकाळपर्यंत मुलगा हरतच राहिला, परंतु प्रत्येक लढत आधीपेक्षा अधिक वेळ टिकू लागली.

दुसऱ्या दिवशी उडीची तोड आली. पडद्यावरील चित्र एका सेकंदात साठ वेळा बदलते. चपळ ठोसा अवघ्या चार-पाच चित्रांत येऊन पोहोचतो. मनुष्याचे डोळे आणि हात यांना प्रत्युत्तरासाठी साधारण पाव सेकंद, म्हणजे पंधरा चित्रांचा अवधी लागतो. म्हणून तसा ठोसा पाहून अडविता येत नाही; त्याचा आधीच अंदाज बांधावा लागतो. उडीचे तसे नाही. ती पुरी व्हावयास सुमारे चाळीस चित्रे लागतात. जो धीर धरून पाहतो, त्याला उडी दिसते आणि तिचे उत्तर देण्यास वेळही मिळतो. मुलाने सकाळभर दुसरे काही केले नाही. मामेभावाने उडी मारावी आणि त्याने खालून वर ठोसा हाणावा. प्रथम दहांतून एकदा साधले, दुपारपर्यंत सहादा साधू लागले.

तिसरा धडा अंतराचा होता. प्रत्येक वाराला ठरावीक पल्ला असतो. त्या पल्ल्याच्या केसभर बाहेर उभे राहावे, प्रतिस्पर्ध्याचा वार फुकट जाऊ द्यावा, आणि त्याचा हात परत येण्याच्या आत आपला वार करावा. हे ऐकताच आजोबांना राहवले नाही. “अरे, ही तर आमची खडाखडी!” ते म्हणाले. मल्ल हाताला हात लावून परस्परांचे बळ आणि अंतर अजमावितात; पाहणाऱ्याला वाटते, काहीच घडत नाही. वस्तुतः अर्धी कुस्ती तेथेच ठरत असते.

चौथ्या दिवशी मुलाने विचारले, “मी सारखा बचावच केला तर मला कोण हरवील?” उत्तरादाखल मामेभावाने जवळ येऊन त्याच्या गड्याला उचलून आपटले. बचाव वाराला अडवितो, पकड बचावाला मोडते, आणि पकडीसाठी पुढे सरसावणाऱ्याला वेळीच केलेला वार रोखतो. दगड-कागद-कात्रीसारखेच हे चक्र आहे. एकाच युक्तीवर विसंबणारा येथे टिकत नाही.

रात्री अंगणात आजोबांनी खाशाबा जाधवांची गोष्ट सांगितली. कराडजवळील गोळेश्वर गावचा हा मल्ल मातीच्या आखाड्यात घडला. 1948 साली तो लंडनच्या ऑलिंपिक स्पर्धेत उतरला, तेव्हा पायांखाली माती नव्हती, मॅट होती, आणि नियमही निराळे होते. नामांकित मल्ल असूनही त्याला तेथे नवशिक्याप्रमाणे पुष्कळ काही नव्याने शिकावे लागले. तो सहावा आला. मायदेशी परतल्यावर त्याने सराव अधिक कठोर केला, आणि 1952 साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक स्पर्धेत मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक होय. “आपण नवशिके आहोत हे मान्य करावयासही छाती लागते,” आजोबा म्हणाले.

मामेभावानेही आपल्या खेळातील एक प्रसंग सांगितला. 2004 साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया येथे झालेल्या स्पर्धेत जपानचा दाइगो उमेहारा हा जस्टिन वाँग या अमेरिकन खेळाडूशी लढत होता. दाइगोच्या योद्ध्याचे बळ इतके उरले होते की, साधा बचाव केला असता तरी तो हरला असता. तेवढ्यात जस्टिनने पंधरा लाथांचा प्रचंड हल्ला चढविला. दाइगोने प्रत्येक लाथेच्या नेमक्या क्षणी कळ पुढे दाबून पंधराही लाथा परतविल्या आणि उलट वार करून तो डाव जिंकला. त्या स्पर्धेचे अजिंक्यपद काही त्याला मिळाले नाही. परंतु लोकांच्या स्मरणात राहिला तो हाच क्षण.

सहाव्या दिवशी मुलाने मामेभावाला प्रथमच हरविले. त्याच आनंदात त्याने दुसरीत शिकणाऱ्या आपल्या धाकट्या बहिणीला खेळावयास बोलाविले. तिला बसून बचाव करणे ठाऊक नव्हते. मुलाने पायावर लाथ मारण्याची एकच युक्ती पुनःपुन्हा योजून तिला सलग नऊ वेळा हरविले. ती रडली नाही. तिने कंट्रोलर हळूच खाली ठेवला आणि म्हणाली, “मला हा खेळ येत नाही. मी पुन्हा नाही खेळणार.”

मुलाने विजयी मुद्रेने आजोबांकडे पाहिले. आजोबांच्या चेहऱ्यावर हसू नव्हते. थोड्या वेळाने ते म्हणाले, “पहिल्या दिवशी वस्ताद माझ्याशी झोंबले. मनात आणते तर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच त्यांनी मला चीत केले असते. त्यांनी मला त्यांचा पट काढू दिला आणि मग तो कसा सोडवावा ते दाखविले. त्यांनी मला नऊ वेळा आपटले असते, तर दहाव्यांदा मी मातीत उतरलोच नसतो.”

मुलाला गादीवर आदळलेला कंट्रोलर आठवला. तो उठला आणि अंगणात गेला. बहीण तेथे मातीच्या किल्ल्यावर मावळे मांडीत बसली होती.

“चल, तुला एक गंमत शिकवतो,” तो म्हणाला. “आज तू कुणाला मारायचे नाहीस. मी मारीन, तू नुसते अडवायचेस.”

प्रथम ती तयार होईना. शेवटी आली. मुलगा सावकाश लाथ मारी, मधून उडी घेई, आणि ती जीभ दातांत धरून पडद्याकडे पाही. पुष्कळदा चुकली. मग एकदा तिने लाथ बसून अडविली, उडी उभ्याने अडविली आणि कुणी न शिकविता पुढे सरसावून भावाच्या गड्याला उचलून आपटले.

घरात एकच हशा पिकला. बाहेर अंधार पडला होता. धुरांड्यांवरील तांबडे दिवे लागले होते. हरलेला मुलगा सर्वांत मोठ्याने हसत होता.

“आणखी एकदा!” बहीण म्हणाली, आणि पुन्हा नीट मांडी घालून बसली.