दारातला निंब

आमच्या घरी वसंत येतो तो आधी केर होऊन. फेब्रुवारी सरत आला की दारातला कडुलिंब पानं टाकायला लागतो. सकाळी अंगण झाडून काढलं तरी दुपारपर्यंत पुन्हा पिवळा थर. पत्र्यावर पानं, वाळत घातलेल्या कपड्यांत पानं, हौदात पानं. हौदातल्या पानांचा राग जास्त, कारण नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं आणि ते ओतून देणं परवडत नाही. अब्बांना याचं काही नाही. ते बाज ओढून सावलीमागे सरकत राहतात. झाडू अम्मीच्या हातात असतो, गेली बत्तीस वर्षं.

मग पंधरा-वीस दिवसांत तांबूस पालवी फुटते, आणि मार्चअखेरीला फुलं. निंबाच्या फुलाचा वास कसा असतो ते मला सांगता येत नाही. कडू झाडाला इतकं गोड का सुचावं, असं दरवर्षी वाटतं. रात्री वीज गेली की तो वास जास्त येतो, एवढं खरं. तेव्हा वीजमंडळाला शिव्या देत सगळे अंगणात येतात आणि वीज आल्यावरही अर्धा तास कुणी आत जात नाही.

यंदा, २०२५ साली, जवळजवळ सगळा मार्च रमजानमध्ये गेला. शेवया त्याआधीच, शाबानमध्ये झाल्या. बाजेच्या लाकडाला मशीन आवळायचं, एकीने दांडा फिरवायचा, दुसरीने खालून शेवया अलगद झेलून काठीवर टाकायच्या. दुकानात पाकीट मिळतं, पण अम्मीच्या मते त्या शेवया दुधात गेल्या की ‘लगदा’ होतात.

३० मार्चला पाडवा होता आणि आमचा एकोणतिसावा रोजा. सकाळी सहापासून गल्लीतली पोरं गुढीसाठी डहाळ्या न्यायला आली. कुणी फांदी ओरबाडली की अम्मी आतूनच ओरडायची. शेजारच्या काकूंनी श्रीखंडाचा डबा मगरिबनंतर पाठवला. त्याच संध्याकाळी चंद्र दिसला. दुसऱ्या दिवशी त्याच डब्यातून शीरखुर्मा गेला. असल्या गोष्टींचं वर्तमानपत्रात फार कौतुक होतं. आमच्या गल्लीत नियम साधा आहे : डबा रिकामा परत करायचा नाही.

ईद झाल्यावर कुरडया. चार किलो गहू तीन दिवस भिजवून, वाटून, चीक काढून, पहाटे चुलीवर घाटून झाला. बायको आणि अम्मीने सोऱ्याने घालून अख्खी चादर भरली. दुपारी ऊन मरतंय असं वाटेपर्यंत वळीव आलाच. चादर चारी टोकांनी उचलून आत आणेस्तोवर निम्म्या कुरडया एकमेकींना चिकटल्या होत्या. ओल्या कुरडया पोरांनी गुळाबरोबर खाल्ल्या, ती खूश. उरलेल्यांना दोन दिवसांत बुरशी आली. त्या सरीने निंबाची फुलंही झडली. ओल्या अंगणात पांढरा सडा पडला. फोटो काढावा असा. अम्मीने मात्र पुन्हा झाडू घेतला.

मुख्य गोष्ट यापुढची. बकरी ईदनंतर धाकट्या भावाचं लग्न आहे. घर दोन खोल्यांचं, माणसं सात. तो अजूनही बाजेवर, निंबाखाली झोपतो. मुलीकडचे पाहायला आले तेव्हा त्यांच्या नजरेने खोल्या मोजल्या, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. वर खोली चढवावी, तर भिंती मातीच्या जुन्या. भार पेलणार नाहीत, असं मिस्त्री म्हणाला. राहिलं अंगण, आणि अंगणाच्या मधोमध निंब.

मी आणि अब्बा झाडाच्या बाजूचे. सावली, हवा, पोरांना कांजिण्या आल्या तेव्हा अंथरलेली पानं, सगळं आम्ही सांगून पाहिलं. अम्मी शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, “झाडू मारती मैं, और झाड प्यारा तुमकू!” यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. झाडाखालचं सुख आमच्या वाट्याला आणि केर तिच्या, ही वाटणी आजवर कुणी बोलून दाखवली नव्हती. शिवाय सून येणार, तिला दार लावून बसायला एक खोली हवी, हे घरात फक्त तिलाच कळत होतं. ती स्वतः नवी नवरी म्हणून आली तेव्हा दादीच्या साडीच्या पडद्यामागे राहिली होती.

शहरात झाड स्वतःच्या दारातलं असलं तरी तोडायला परवानगी लागते. १९७५ चा कायदा आहे. भावाने अर्ज आणला, भरला. घर अब्बांच्या नावावर, म्हणून सही त्यांची. तीन आठवडे झाले, त्यांचा चष्मा सापडत नाही. तोच चष्मा लावून ते रोज सकाळी पेपर वाचतात. भाऊ रागाने बोलेनासा झालाय, आणि त्याचा राग मला पटतो.

काल अम्मीने झाडलेली सुकी पानं फेकली नाहीत. गव्हाच्या कोठीत दरवर्षी घालते तशी चाळून घेतली. या वेळी मात्र एक पोतं जास्तीचं भरून, तोंड शिवून, माळ्यावर ठेवायला माझ्या हातात दिलं.