काट्यावरचा टोळ

सासवड-जेजुरीकडच्या माळावर बोरीच्या शेंड्याला एखादा पक्षी एकटाच, ताठ बसलेला असावा आणि चोचीपासून कानापर्यंत डोळ्यावरून काळी पट्टी गेलेली असावी, की समजावं, खाटीक. पुढचं ओळखणं सावकाशीचं. डोकं राखाडी, पाठ खाली उतरता उतरता तांबूस झालेली, शेपूट लांबलचक, तो नकल्या खाटीक. शेपटीसकट जेमतेम २५ सेंटिमीटर. त्याहून लहान, पाठ गडद विटकरी आणि उडताना पंखात पांढरा डाग चमकणारा त्याचा धाकटा भाऊ. अंगभर फिकट राखाडी असेल तर तो मोठा, अगदी उजाड माळाचा.

मला रंगांपेक्षा पायांचं कुतूहल जास्त. चोच ससाण्यासारखी आकडेबाज, कडेला दातासारखा कंगोरा. उंदराची मान तिनं मोडते. पाय मात्र गाणाऱ्या पक्ष्याचे, फांदी धरण्यापुरते. शिकार पायाखाली दाबून फाडायचं बळ त्यांत नाही. म्हणून बाभळीचा काटा! टोळ, सरडा त्यात खोवायचा आणि मग लचके तोडायचे. लोक याला क्रूर म्हणतात. मला त्यात दुबळ्या पायांनी काढलेली वाट दिसते आणि फार आदर वाटतो.

उरलंसुरलं काट्यावरच राहतं, पुढच्या वेळेसाठी. फ्लोरिडातला त्याचा एक भाऊबंद तर विषारी नाकतोडा दोनेक दिवस टांगून ठेवतो आणि विष उतरलं की खातो. इस्राएलच्या नेगेव्ह वाळवंटात रूव्हेन योसेफ आणि बेरी पिनशॉ यांनी काही नरांच्या काट्यांवर भर घातली, काहींचे काटे रिकामे केले. १९८९मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले : भरल्या काट्यांच्या नरांना माद्या लवकर मिळाल्या.

आणि हाच पक्षी गातो! एरवीची हाक कर्कश, पण विणीच्या दिवसांत नकल्या हलक्या आवाजात बराच वेळ गुणगुणतो. त्यात टिटवी येते, खार येते, कुत्र्याचं पिल्लूसुद्धा. एकदा ते ऐकावंच, सकाळी, घाई नसताना.

हल्ली बांधावरच्या बोरी-बाभळी काढून तारेचं कुंपण घालतात. काटेरी तारेवरही खाटीक टोळ खोवतात, पण घरट्याला झुडूप किंवा लहानसं झाडच लागतं. ओळखीच्या शेतकऱ्यांना मी सांगत असतो, बांधावर एक तरी बोर राहू द्या. काहींनी ठेवली आहे.