डोळ्याच्या काठावरील वाफा

आपल्या देहरूपी घराच्या खिडकीला निसर्गाने जिवंत काच बसविली आहे. बुबुळावरील हे पारदर्शक पटल, म्हणजेच पारपटल, जेमतेम अर्ध्या मिलिमीटर जाडीचे असते. त्यात एकही रक्तवाहिनी नसते. म्हणूनच प्रकाश निर्वेधपणे आत जातो. ही काच धूसर झाली की आपल्याकडील वडीलधारी माणसे ‘डोळ्यात फूल पडले’ असे म्हणतात. किती कोमल शब्द आणि किती कठोर अर्थ!

ह्या शब्दाची ओळख मला माझ्या काकांमुळे झाली. हरिशंकरपुरमला येण्यापूर्वी आमचे बिऱ्हाड लष्करातील एका जुन्या वाड्यात होते. एका दिवाळीला सफेदीसाठी चुनकळी विरविताना उकळता चुना उसळला आणि काकांच्या उजव्या डोळ्यात गेला. पुढे नेत्रदानातून मिळालेले पारपटल त्यांना बसविण्यात आले. काही महिने ते निर्मळ राहिले. मग त्यावर तांबड्या शिरांचे जाळे पसरले आणि डोळा पुन्हा अंधारला. नवी काच बसवूनही ती अशी का मळावी, हे घरात कोणालाच उमगेना.

ह्या कोड्याचे उत्तर पारपटलाच्या काठाशी आहे. डोळ्याचा पांढरा भाग आणि बुबुळ जेथे मिळतात, त्या अरुंद कडेवर मूलपेशींची वस्ती असते. पारपटलाच्या पृष्ठभागावरील पेशी सतत झिजतात आणि काठावरून नव्या पेशी सरकत येऊन त्यांची जागा घेतात. चुन्याने हा काठच जळाला की पुरवठा तुटतो आणि शेजारचे रक्तवाहिन्यांनी भरलेले आवरण पारपटलावर चढते. मृत दात्याच्या पारपटलाचा मधला भागच सामान्यतः बसविला जातो. काठ त्याच्याबरोबर येत नाही. डॉ. एडुआर्ड झिर्म ह्यांनी १९०५ साली मोराव्हियात मनुष्याच्या पारपटलाचे पहिले यशस्वी आरोपण केले. त्यांचा रोगीही चुन्यानेच पोळलेला होता आणि त्याच्या दोन डोळ्यांपैकी एकाचेच आरोपण टिकले.

काठच नव्याने उभा करण्याची युक्ती १९९७ साली इटलीतील ग्राझिएला पेलेग्रिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन रोग्यांवर यशस्वी करून दाखविली. आपल्या देशात हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत २००१ पासून डॉ. वीरेंदर सांगवान आदींनी ती अंगीकारली. आमच्या डबऱ्याकडे भाताची रोपे आधी वाफ्यात वाढवून मग शेतात लावतात, रीत तशीच. निरोगी डोळ्याच्या काठावरून सुमारे २ मिलिमीटरचा तुकडा घ्यावयाचा, प्रसूतीनंतर मिळणाऱ्या गर्भावरणाच्या तलम पडद्यावर त्यातील पेशी प्रयोगशाळेत सुमारे दोन आठवडे वाढवावयाच्या आणि तो पडदा जखमी डोळ्यावर बसवावयाचा. पेशी रोग्याच्या स्वतःच्याच असल्यामुळे शरीर त्यांना परके मानीत नाही.

२००९ साली काकांपुढे हा उपाय आला, तेव्हा आजीने निक्षून सांगितले, “उरलेल्या एका डोळ्याला मी शस्त्र लावू देणार नाही.” तिचे भय अडाणीपणाचे नव्हते. मी तेव्हा महाविद्यालयात होतो. तिला द्यावयास माझ्यापाशी उत्तर नव्हते. काका मात्र शांतपणे म्हणाले, “आई, भावानेच भावाला हात द्यायचा असतो.” आणि ते हैदराबादला गेले.

त्या संस्थेने २०११ साली २०० रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यात १४२ डोळ्यांचा पृष्ठभाग निर्मळ व स्थिर राहिला होता. म्हणजे शंभरांत एकाहत्तर. पुढे २०१२ साली तेथील तज्ज्ञांनी त्याहून सोपी रीत सांगितली. काठाच्या तुकड्याचे बारीक कण करून ते थेट जखमी डोळ्यावरच चिकटवावयाचे. मग महागड्या प्रयोगशाळेचे कारणच उरत नाही. ह्या रीतीने उपचार केलेल्या १२५ डोळ्यांपैकी ९५ यशस्वी झाल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झाले.

काकांच्या डोळ्यातील आग आणि लाली थांबली. खोल गेलेला व्रण मात्र राहिला. उजव्या डोळ्याने ते दारातला माणूस ओळखतात. वर्तमानपत्र वाचावयास डावाच लागतो. तो डावा डोळा पूर्वीइतकाच स्वच्छ आहे, हे आजीने स्वतः पारखून घेतले.

विद्यार्थिमित्रांनो, पानाच्या चुन्याची पुडी हे खेळणे नव्हे. ती दाबताच फुटून लहान मुलांचे डोळे पोळल्याच्या घटना आपल्या देशात वारंवार घडतात. चुना डोळ्यात गेलाच तर डोळा चोळू नये. त्याच क्षणी स्वच्छ पाण्याची धार धरून निदान वीस मिनिटे धुवावा आणि तडक नेत्रवैद्यांकडे जावे. एक डोळा गेला तर दुसरा त्याला बियाणे देऊ शकतो. दोन्ही काठ जळाले, तर ते दुसऱ्याच्या दारी मागावे लागते आणि परके बियाणे रुजविणे फार कठीण असते.